भाड्याने दिलेल्या घराचे उत्पन्न : वजावटी कोणत्या क्रमाने घ्याव्यात

घर भाड्याने देणारे अनेक मालक रंगकामाची आणि नळदुरुस्तीची बिले जपून ठेवतात, घरपट्टीची पावती मात्र हरवून बसतात. आयकराच्या दृष्टीने नेमके उलट करायला हवे. ‘घर मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली वजावटी मोजक्याच आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

प्रथम वर्षभराचे भाडे मांडावे. नातेवाईकाला नाममात्र भाड्याने घर दिले असेल, तर त्या परिसरातील वाजवी भाडे विचारात घेतले जाऊ शकते. या रकमेतून स्थानिक संस्थेला भरलेला मालमत्ता कर वजा होतो. मात्र तो मालकाने स्वतः आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा लागतो. त्यामुळे मागील वर्षांची थकबाकी यंदा भरली तर तिची वजावट यंदा मिळते, पण यंदाची घरपट्टी ३१ मार्चनंतर भरली तर ती या वर्षाच्या हिशेबात धरता येत नाही. भाडेकरूने भरलेल्या घरपट्टीची वजावट मालकाला मिळत नाही.

उरलेल्या निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के रक्कम प्रमाणित वजावट म्हणून मिळते. प्रत्यक्ष खर्च शून्य असला तरी ती पूर्ण मिळते, आणि दुरुस्ती, रंगकाम, विमा यांवर कितीही खर्च झाला तरी ती वाढत नाही. घराचा घसारा, म्हणजे वापराने कमी होणाऱ्या किमतीची वजावट, येथे मिळत नाही.

त्यानंतर येते कर्जावरील व्याज, आणि खरा फरक बहुधा इथेच पडतो. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला जुन्या कररचनेत २ लाख रुपयांची मर्यादा आहे. भाड्याच्या घराला तशी मर्यादा नाही. खरेदी, बांधकाम किंवा दुरुस्ती यांसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज चालते आणि ते देय झाले तरी पुरते, प्रत्यक्ष भरलेले असायलाच हवे असे नाही. बांधकाम पूर्ण होण्याआधीच्या वर्षांतील व्याज पाच समान हप्त्यांत, घर खरेदी झालेल्या किंवा बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून घ्यावे. मुद्दलाची परतफेड भाड्यातून कधीच वजा होत नाही.

समजा, दरमहा भाडे २५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,००,००० रुपये आहे. घरपट्टीचे २०,००० रुपये वजा करता २,८०,००० रुपये उरतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ८४,००० रुपये काढल्यावर १,९६,००० रुपये राहतात. व्याज २,५०,००० रुपये असल्यास ५४,००० रुपयांचा तोटा दिसतो. जुन्या कररचनेत असा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजा होतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे केवळ घरभाड्याच्या उत्पन्नातून वळता करता येतो. नव्या कररचनेत भाड्याच्या घराचे व्याज मिळते, परंतु तोटा अन्य शीर्षांतील उत्पन्नातून वजा करता येत नाही. मोठे कर्ज असलेल्याने म्हणूनच दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

घर सहमालकीचे आणि प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असेल, तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचे भाडे आणि वजावटी आपल्या विवरणपत्रात दाखवाव्यात. भाडेकरूने भाडे बुडवले असल्यास ती रक्कमही उत्पन्नातून वगळता येते. मात्र त्यासाठी त्याने घर सोडलेले असावे किंवा त्याला बाहेर काढण्याची कारवाई सुरू झालेली असावी, तो मालकाच्या दुसऱ्या कोणत्याही घरात राहत नसावा आणि वसुलीसाठी कायदेशीर पावले उचललेली असावीत, किंवा ती निरर्थक ठरली असती हे दाखवता यावे. नोटिशीची प्रत आणि बँकेचे उतारे यासाठी हाताशी ठेवावेत.