'रिव्हॉल्व्हर अडकत नाही' म्हणता? मग या चुका टाळा

"पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर कधीच नाही." ठाण्यात चार परवानाधारक एकत्र बसले की हे वाक्य येतंच. ते अर्धं खरं आहे. एखादं काडतूस उडालं नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं, पिस्तुलासारखी वरची सरकती स्लाइड मागेपुढे करत बसावं लागत नाही. पण रिव्हॉल्व्हर अडकलंच तर ठार अडकतं. काडतुसं धरणारा सिलिंडर फिरत नाही, काडतुसावर आदळणारा मागचा घोडा (हॅमर) मागे जात नाही आणि जागच्या जागी काही करता येत नाही. या भरवशापायीच लोक वर्षानुवर्षं ते उघडून बघत नाहीत.

काहीही करण्याआधी सिलिंडर उघडा, सगळी काडतुसं काढा आणि त्यांची सगळी घरं डोळ्यांनी बघून बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. हे दर वेळी, 'आत्ताच तर रिकामं केलं' असं वाटत असलं तरी.

आपल्याकडचा पहिला शत्रू हवा. घोडबंदर काय, वाशी-ऐरोली काय, एका अंगाला खाडी आणि जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी. अशा हवेत रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरात घालून लॉकरमध्ये ठेवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतातच, आणि जिथे ते धातूला घासून बसतं तिथेच तांबूस ठिपके उमटतात. काडतुसं कव्हराच्या पट्ट्यात खोचून ठेवली तर पितळेवर हिरवट थर चढतो आणि काडतुसाची पुंगळी घरात नीट बसत नाही. कव्हर फक्त बाळगण्यासाठी. ठेवताना तेलाचा हात फिरवून सुती कापडात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी पावसाळ्यात बदलायची. 'निर्भीक' हे देशी रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे, त्याला गंज लागत नाही, असं म्हणून निर्धास्त राहू नका. आतल्या स्प्रिंगा पोलादाच्याच.

एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत आणलं की धातूवर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. ते नुसतं वरून पुसून पुरत नाही. नळी आणि सिलिंडरची घरंही कोरडी करा.

तेलाबद्दल दोन टोकं दिसतात. एक, कोरडं ठणठणीत. दुसरं, घरात जे सापडेल ते ओतलेलं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे एसीच्या बेडरूममध्येच घट्ट होतं, आणि जुनं झालं की चिकट. बिजागऱ्यांवर मारायचा डब्ल्यूडी-४० ओल हटवायला ठीक, पण कायमचं वंगण म्हणून नाही. भरलेल्या हत्यारावर तर मुळीच नको. तो काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपला तर घोडा पडेल, आवाज होणार नाही. शस्त्रांसाठीचं पातळ तेल घ्या. नाहीच मिळालं तर तूर्तास शिलाई मशीनचं चालतं. थेंब कुठे? सिलिंडरच्या आसावर एक, घोड्याच्या मुळाशी एक, चापापाशी एक. नळी आणि घरं वापराआधी कोरडी हवीत.

आता ती जागा, जिच्यातल्या नुसत्या घाणीमुळे अनेक रिव्हॉल्व्हरं 'बिघडलेली' वाटतात. सिलिंडरच्या मागच्या बाजूला पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते. ती उचलून तिच्याखाली बघा. अर्धवट जळालेल्या दारूचे चार कण तिथे बसले की चांदणी केसभर वर राहते, सिलिंडर मागच्या भिंतीला घासतो आणि चाप जड लागतो. लोक यालाच स्प्रिंग गेली म्हणतात. जुन्या टूथब्रशने तिथे घासा, तेल लावू नका, कारण ओल्या जागी कण आणखी चिकटतात.

हे कण तिथे जातात ते चुकीच्या पद्धतीने पुंगळ्या काढल्याने. 'प्रबल'सारख्या सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरात नळी आकाशाकडे धरून चांदणी ढकलणारी दांडी एकदाच, पूर्ण दाबा. कानपूरच्या जुन्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हराप्रमाणे मधोमध मोडणारं असेल तर हळूहळू उघडू नका. सिलिंडरचं मागचं तोंड खाली कलेल असं धरून एका दमात उघडा. रेंगाळलात तर एखादी पुंगळी चांदणीखाली घसरते आणि हत्यार ना उघडतं ना मिटतं. मग चांदणी बोटाने वर धरून ती पुंगळी सोडवावी लागते. पटकन म्हणजे आपटून नव्हे. सिनेमातला हिरो मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करतो, त्याने सिलिंडर धरणारा दांडा वाकतो. दोन्ही हातांनी मिटवा.

सिलिंडर वेळेवर जागेवर येतो का, हे घरी तपासता येतं. रिकाम्या हत्याराच्या सिलिंडरवर अंगठ्याचा किंचित दाब ठेवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खिट्टीचा 'टक्' ऐकू यायला हवा. प्रत्येक घरासाठी हे करून बघा. एखाद्या घरापाशी आवाज येत नसेल तर सिलिंडर फिरवणारा पंजा किंवा तो ज्यांना ढकलतो ते दाते झिजलेले असू शकतात. असं रिव्हॉल्व्हर चालवलं तर गोळीचं शिसं नळीच्या कडेला तासलं जाऊन फटीतून उडतं. शेजारी उभ्या असलेल्यालाही ते लागू शकतं. इथे घरगुती इलाज नाही. बाजूची झाकणपट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग कापू नका. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच, कायद्यानेही तसंच आहे. 'निडर' हे .२२ बोअरचं रिव्हॉल्व्हर असेल तर रिकामा चाप ओढायची सवय सोडा. त्यात सुई थेट घराच्या कडेवर आदळते.

निवडणुकीतला काळ वेगळा. आचारसंहितेत हत्यार पोलिसांकडे जमा करायला सांगतात, आणि २०२४ साली तर महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी झाल्या. जमा करताना चामड्याचं कव्हर घरीच ठेवा, तेलाचा पातळ हात देऊन द्या. परत आल्यावर भरण्याआधी नळी बत्तीपुढे धरून बघा.

आणि नेमबाजीच्या रेंजवर घोडा पडला पण काहीच झालं नाही, तर पुढचं काडतूस समोर येतं म्हणून लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी दारू उशिरा पेटते. 'धाड' ऐवजी नुसतं 'फुस्' झालं तर तो दिवस तिथेच संपवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची तिच्यावर आदळली तर नळी फुटते. सिलिंडर रिकामा करा, नळीत दांडी घालून आरपार जाते का बघा, आणि जात नसेल तर ठोकाठोकी न करता कारागिराकडे न्या.