हापूसची बाग स्वतः करायची असेल तर आधी एप्रिलमधले हात मोजा

वडिलोपार्जित कलमांची बाग आता आपणच करायची, असं ठरवून गावी परतणारे चाकरमानी वाढले आहेत. चांगलंच आहे. तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा या आंब्यावरच्या किडी-रोगांची तुम्हांला कल्पना असेलच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रकही सहज मिळतं, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. मला घाम फुटला तो माणसांच्या हिशेबानं, म्हणून लिहितो आहे ते तेवढ्यावरच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली हापूसची बाग आज मोठ्या प्रमाणावर नेपाळी गड्यांच्या हातावर चालते. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि वरकस म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीवर, कातळावरसुद्धा कलमं उभी राहिली. ती फळाला येईपर्यंत घरची तरुण पोरं मुंबईला लागली होती. वानरं आणि चोर यांच्यापासून राखण करायला गुरखा ठेवला गेला. हळूहळू बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, त्याच्याकडे गेलं, मग फवारणी, मग काढणी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. बरेच जण पश्चिम नेपाळातले. दसैं-तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, आटोपून ते येतात आणि भातलावणीसाठी जूनच्या तोंडावर परततात. आंब्याचा हंगाम नेमका या दोन टोकांच्या मध्ये बसतो, आणि त्यामुळेच नव्या माणसाला वाटतं की सगळं आपोआप जुळून येतं.

आता सापळा सांगतो. जरा लांबण लागेल, पण वाचा.

गडी आणायची सोपी रीत अशी: एका अनुभवी माणसाला गाठायचं, दसैंच्या आधी त्याला उचल द्यायची, आणि बाकीचे त्यानंच आणायचे. तो आणतो ते अर्थातच आपले भाऊ, चुलते, मेहुणे, शेजारी. टोळी एकजीव असते, भांडणं होत नाहीत, एकाशी बोललं की सगळ्यांना कळतं. मलाही हे फार सोयीचं वाटलं होतं. मग ऐन एप्रिलात एका रात्री फोन आला आणि पहाटे टोळीचा म्होरक्या दारात उभा राहिला. "सेठ, काका गुजर गया. सबको जाना पडेगा."

सबको. कारण तो सगळ्यांचाच काका होता. सुतक तेरा दिवसांचं, प्रवास एका बाजूचाच तीन-चार दिवसांचा. म्हणजे जाऊन-येऊन तीन आठवडे, आणि तेही परत आले तर. त्यात त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. आपल्याकडे चुलता गेला तर आपण कामावर थांबलो असतो का? पगार चुकता केला आणि त्यांना स्टेशनावर सोडून आलो.

इथे आंब्याचा स्वभाव आडवा येतो. हापूस झाडावर पिकवायचा नसतो. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के तयार झाला, देठाजवळचे खांदे वर आले, पाण्यात टाकला तर बुडाला, की तो काढायचाच. उशीर झाला तर साक्याचं, म्हणजे आतून गर खराब होण्याचं, प्रमाण वाढतं, गळ वाढते, वानरं नेतात. काढायचा तोही सकाळी उन्हं चढायच्या आत किंवा दुपार कलल्यावर. म्हणजे दिवसातले मोजके तास, आणि त्या तासांत झेला, म्हणजे फळं उतरवायची जाळी लावलेली लांब काठी, धरता येणारे हात हवेत. देठ ठेवून फळ उतरवलं नाही तर चीक सालीवर ओघळतो, काळे डाग पडतात आणि वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, ते लगेच दिसतं. बाजारातून मिळेल तो माणूस आणून हे काम होत नाही. हवामानाधारित विमा पावसाचे, तापमानाचे, वाऱ्याचे आकडे बघतो. गडी निघून गेले हे त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या हंगामात बरीच फळं झाडाखालीच गेली. अजूनही एप्रिलात रात्री फोन वाजला की मी दचकतो.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. बाग किती मोठी करायची हे जमिनीवरून ठरवू नका, एप्रिलमध्ये खात्रीनं हाताशी असणाऱ्या माणसांवरून ठरवा. टोळी एकाच गावची नको. दोन वेगळ्या जिल्ह्यांतले, एकमेकांच्या नात्यात नसलेले गडी ठेवा. सुरुवातीला कुरबुर होते, चुली वेगळ्या मांडाव्या लागतात, मांडू द्या. आणि घरातल्या निदान दोघांना झेला चालवता आला पाहिजे. विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ कापून जाळीत घेतो. तो हाताळायला शिकणं अवघड नाही, पहिले चार दिवस मान आणि खांदे भरून येतात इतकंच. तुम्ही स्वतः शिकणार नसाल तर बाग करू नका. फोनवरून बाग करणारे मी पाहिलेत; त्यांची बाग खरं तर त्यांचा गडीच करतो, आणि कुठल्या कलमाला कधी मोहोर येतो हे त्यालाच ठाऊक असतं. तो गेला की ती माहितीही सीमेपार जाते. झाडांना नंबर द्या, वही ठेवा, स्वतःच्या अक्षरात.

हे वाचून घाबरू नका. नेपाळी गडी ठेवूच नयेत असं मी म्हणत नाही. मी आजही ठेवतो. आमच्याकडचे बहुतेक जण कष्टाळू आहेत आणि बागेवर त्यांचा जीव आहे. पण ते कायम येतच राहतील हे गृहीत धरू नका. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये हाच दर आहे, म्हणजे इथल्या रुपयाचं तिकडे मोल वाढलेलं नाही, आणि तिकडच्या पोराला आता कतार, मलेशिया खुणावतात. २०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाली तेव्हा इथले गडी इथेच अडकले, घरची भातलावणी हुकेल म्हणून रडकुंडीला आले. सीमा उघडी आहे म्हणजे ती कायम उघडीच राहील असं नाही.

"गावातले लोक काम करत नाहीत" हे वाक्य तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल. मला ते अर्धवट वाटतं. वर्षातले दोन महिने काम आणि दहा महिने वाऱ्यावर, अशी नोकरी तुम्ही तरी धराल का? शेजारच्या वाडीतल्या बायकांना मी प्रतवारी आणि पेटी भरण्याचं काम दिलं, शिवाय पावसाळ्यात बेणणी आणि खत घालण्याचं. कामाचे दिवस वाढले तसं माणसांचं येणंही पक्कं झालं. मजुरी थोडी जास्त पडते, पण प्रतवारीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

गड्यांच्या राहण्याबद्दल दोनच गोष्टी. पत्र्याच्या खोपीत माणसं कोंबू नका. पाणी, दिवा, संडास द्या. आणि कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा गमबूट आणि बॅटरी द्या, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे हे हंगामाआधी विचारून ठेवा. पोलीस ठाण्यात त्यांची नोंद करा, नागरिकतेच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवा.

सल्लागार खूप भेटतील. कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी देतात ते औषध) ओता आणि दरवर्षी भरघोस पीक घ्या, असं सांगणाऱ्यापासून जपून. ते औषध वाईट नाही, पण झाडाचा विस्तार मोजून मात्रा न देता आणि खत न वाढवता ओतत राहिलात तर झाड थकतं. बाग कराराने देऊन मोकळे व्हा असं सांगणारेही येतील. करारवाल्याला यंदाचं पीक हवं असतं, पुढची वीस वर्षं नाही. मला खरं शिकवलं ते शेजारच्या एका म्हाताऱ्या बागायतदारानं. तो बोलायचा कमी, आणि बोलला की बहुतेक वेळा शिव्याच द्यायचा.

त्याचा एक सल्ला मी सगळ्यांना देतो: झाडं बुटकी करा. जुनी कलमं इतकी उंच असतात की ती काढायला चढणारा, वाकबगार माणूसच लागतो, आणि तिथेच तुम्ही परावलंबी होता. सगळी एकदम छाटू नका. दरवर्षी एक भाग घ्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावा, खोडकिड्यावर लक्ष ठेवा. नवी पालवी दाट झाली की विरळणी करावी लागते, तिचा कंटाळा करू नका. छाटलेलं झाड तिसऱ्या वर्षापासून हळूहळू फळाला लागतं. तोवरचा खर्च बाकीच्या झाडांनी आणि तुमच्या उरल्यासुरल्या पगारानं भागवायचा, म्हणून राजीनामा द्यायची घाई करू नका.