केसाळ शेवाळावर उपाय: कीटोमॉर्फा

नाशिकमध्ये समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हणजे आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (समुद्री टाकीसाठीचं खास मीठ) विरघळवून घनता १.०२५ च्या आसपास आणायची. एवढं करूनही माझ्या खडकांवर केसाळ शेवाळ माजतच होतं. या शेवाळाचं खाद्य असलेलं नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली टिकेना. पाणी बदललं की उतरायचं, माशांना खाणं घातलं की पुन्हा चढायचं.

मग टाकीखालच्या सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत) एक कप्पा वेगळा केला, त्यात कीटोमॉर्फा या तंतुमय समुद्री शैवालाचा मूठभर गुंता सोडला आणि वर एलईडी ग्रो लाइट लावला. हे शैवाल नायट्रेट-फॉस्फेट शोषून वाढतं, पण टाकीबाहेर नायट्रेट-फॉस्फेट जातं आपण गुंता कापून काढतो तेव्हाच! आपल्याकडच्या द्राक्षबागेसारखी इथेही छाटणी चुकवायची नाही. दाट गुंत्याच्या आत उजेड पोचत नाही आणि तो सडू लागतो.

दिवा रात्री लावतो, मुख्य टाकी अंधारात असताना. तेव्हा माशांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो. शैवाल तो वापरतं, त्यामुळे घसरण कमी होते. हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

कॉलर्पा ही शैवालाची दुसरी जात दिसायला फार सुंदर, तरी मी टाळली. प्रजननावर आली की ती पांढरी पडते आणि आतलं सगळं पाण्यात सोडते.

आता नायट्रेट १० च्या आत असतं, खडक स्वच्छ आहेत. कापलेलं शैवाल मात्र गोदावरीत टाकू नका. उन्हात वाळवा आणि घंटागाडीत द्या.