ॲडम्स कुटुंबाची पत्रं कशी वाचावीत: एका निवृत्त पोस्टमास्तरची पद्धत

जॉन ॲडम्स म्हणजे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यावर चरित्रं भरपूर आहेत आणि बहुतेक उशीएवढी जाड. माझं म्हणणं असं की ती नंतर वाचा. आधी नवरा-बायकोची पत्रं वाचा, आणि तीही टपालवाल्याच्या नजरेनं.

मी नोकरीभर टपाल खात्यात होतो. आधी सॉर्टिंगला, शेवटी एका तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर. पत्रात काय लिहिलंय याच्याशी आमचा संबंध नसायचा. कधी निघालं, कुणाच्या हाती गेलं, कधी पोचलं, एवढंच बघायचं. आता मुलीकडे बॉस्टनजवळ राहायला आलो की दुपारी करायला काही नसतं, म्हणून हा नाद लागला. जुनी सवय इथे फार उपयोगी पडली.

पत्रं दोन ठिकाणी मिळतात, दोन्ही फुकट. मूळ कागद बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. कुटुंबानं १९५६ मध्ये सगळा दस्तऐवज त्यांच्या हवाली केला. जॉन आणि ॲबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून जास्त पत्रं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, मूळ हस्ताक्षराच्या छायाचित्रासकट. दुसरं ठिकाण फाउंडर्स ऑनलाइन, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं. लिहिणारा, घेणारा आणि तारीख टाकून शोधायचं असेल तर हे बरं. मी शोधतो इथे आणि अक्षर बघायला जातो तिथे.

पत्राच्या खाली बारीक टिपा असतात. लोक त्या सोडून देतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. ‘आरसी’ अशी अक्षरं असतील तर ते घेणाऱ्याच्या हातात खरोखर पडलेलं पत्र. ‘एलबीसी’ म्हणजे पाठवणाऱ्याच्या नकलवहीतली प्रत. मूळ पत्र पोचलं की वाटेत बुडालं, हे त्यावरून कळत नाही. नकलवहीचा किस्साही पत्रातच आहे. जून १७७६ मध्ये जॉननी फिलाडेल्फियात एक कोरी जाड वही विकत घेतली आणि तिच्या पहिल्याच पानावर बायकोला लिहिलं, की इतकी वर्षं एकाही पत्राची प्रत ठेवली नाही याची मला टोचणी लागली आहे, आता या वहीतच लिहून मग उतरवून पाठवणार. त्याआधी एप्रिलमध्ये, माझी पत्रं जाळून टाका असं ॲबिगेलनं सांगितलं होतं, त्यावर त्यांचं उत्तर होतं की मग आधी तुला विसरावं लागेल. आपल्याला आज हे सगळं वाचायला मिळतं ते त्या न जाळण्यामुळे.

आता नावांचा घोळ. हा सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जॉनच्या वडिलांचं नाव जॉन, मोठ्या मुलाचं जॉन क्विन्सी. बायको ॲबिगेल, थोरली मुलगी पण ॲबिगेल, तिला घरात नॅबी म्हणत. जॉन क्विन्सीला नाव मिळालं ते ॲबिगेलच्या आईच्या वडिलांचं. १७९२ मध्ये ब्रेंट्री या त्यांच्या गावाचा उत्तरेकडचा भाग वेगळा होऊन नवं गाव झालं, त्याचं क्विन्सी हे नावही त्याच आजोबांवरून. म्हणून जुन्या पत्रांच्या डोक्यावर ब्रेंट्री असतं आणि नंतरच्यांवर क्विन्सी. गाव बदललं असं समजू नका. घर मात्र बदललं होतं, त्याबद्दल पुढे सांगतो. जॉनची जन्मतारीखही दोन प्रकारे दिसेल: १९ ऑक्टोबर १७३५ आणि ३० ऑक्टोबर १७३५. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं, म्हणून अकरा दिवसांचा फरक. दोन्ही बरोबर.

आणि पत्राखाली ‘पोर्शिया’ अशी सही दिसली तर ती ॲबिगेलचीच. लग्नाआधी ती ‘डायना’ म्हणून सही करायची.

एका वहीत चार रकाने आखा. पत्र लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कुणाबरोबर पाठवलं, आणि समोरच्याच्या कोणत्या पत्राचं हे उत्तर. दुसरा रकाना भरणं हेच खरं काम. पोचल्याची तारीख पत्रावर नसते, ती पुढच्या उत्तरात सापडते. तुझी अमक्या तारखेची पत्रं आज मिळाली, असं वाक्य दोघंही बहुतेक वेळा लिहितात. तेवढं वाक्य धरायचं.

सरावाला जुलै १७७७ घ्या. मी प्रत्येकाला हाच महिना सांगतो. जॉन फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी राज्यांच्या सभेच्या, कामात, ॲबिगेल ब्रेंट्रीला गरोदर, दिवस भरत आलेले. मध्ये अंदाजे पाचशे किलोमीटर. ९ जुलैला ती लिहिते, की आदल्या रात्री थंडी वाजून अंग थरथरलं, पोटातलं बाळ गेलं असावं अशी भीती वाटते. १० तारखेला पुन्हा लिहायला बसते. कळा सुरू झालेल्या आहेत, मध्ये थांबते, पुन्हा लेखणी उचलते. १६ तारखेला कळवते, की मुलगी झाली, पण मृत. तिचं नाव एलिझाबेथ ठेवायचं होतं. आता त्याच १० जुलैला फिलाडेल्फियातून निघालेलं जॉनचं पत्र उघडा. त्यात ते लिहितात की माझं मन आज पुन्हा तुझ्यासाठी अस्वस्थ आहे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ९, १०, ११ आणि १६ या तारखांची ॲबिगेलची पत्रं त्यांच्या हातात पडली २८ जुलैला, एकदम. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मनाची अवस्था आज झाली, असं त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. चरित्रात याला एक वाक्य मिळतं. वहीत मात्र मधले सगळे दिवस कोरे दिसतात, आणि त्या कोऱ्या दिवसांत हा माणूस काँग्रेसमध्ये युद्धखात्याच्या मंडळाचं काम बघत होता.

ही पद्धत एकदा हाताला बसली की मग मागे-पुढे जा.

सुरुवातीची पत्रं एप्रिल १७६४ ची घ्या. लग्न त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला झालं. जॉन २८ वर्षांचे, तिला अजून वीस पूर्ण व्हायची होती. वसंतात ते बॉस्टनला देवी टोचून घ्यायला गेले होते. त्या काळात रुग्णाच्या फोडातला पू लावून मुद्दाम सौम्य रोग घडवत आणि मग आठवडे कोंडून ठेवत. तिथून येणाऱ्या पत्रांना धुरी दिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या कोंडलेल्या दिवसांतली पत्रं लाडीक आहेत, चेष्टेची आहेत, आणि ॲबिगेल कुठेही मागे हटत नाही. ती शाळेत कधीच गेली नव्हती. स्पेलिंग तिच्या कानाप्रमाणे चालतं, म्हणून अडलं की मोठ्यानं वाचा, लगेच कळतं.

३१ मार्च १७७६ चं पत्र सगळ्यांना माहीत असतं. नवे कायदे करताना बायकांचा विसर पडू देऊ नका, असं तिनं बजावलं ते हेच. इंटरनेटवर त्याचं एकच वाक्य फिरतं. तुम्ही पूर्ण पत्र वाचा. इंग्रज फौज दोनच आठवड्यांपूर्वी बॉस्टन सोडून गेली आहे. बॉस्टनमधल्या आपल्या घरात पलटणीचा डॉक्टर राहून गेला, घर घाण करून ठेवलंय, पण बाकी नुकसान नाही, हे ती कळवते. तिकडे जॉनना बंदुकीच्या दारूची काळजी. सोरा करून बघितलास का, या प्रश्नाला तिचं उत्तर असं, की आधी साबण करून होऊ दे, मग बघते. ते अधिकाराचं वाक्य या सगळ्या मधोमध येतं. जॉनचं १४ एप्रिलचं उत्तर जोडून वाचा. ते हसण्यावारी नेतात. मला हा माणूस आवडतो, पण या उत्तरात तो मला आवडत नाही. तिनंही ते सोडलं नाही. २७ एप्रिलला मैत्रीण मर्सी ओटिस वॉरनला लिहून तक्रार केली. मेमध्ये जॉनना पुन्हा सुनावलं, की सगळ्या राष्ट्रांना स्वातंत्र्य देता आणि बायकांवरची सत्ता मात्र ठेवता.

टपाल पकडलं जाई, हेही लक्षात ठेवून वाचा. जुलै १७७५ मध्ये जॉननी फिलाडेल्फियातून दिलेली पत्रं इंग्रजांच्या हाती सापडली. एक बायकोला होतं, दुसरं मित्र जेम्स वॉरनला. दुसऱ्यात त्यांनी काँग्रेसमधल्या एका सहकाऱ्याची बुद्धी क्षुल्लक असल्याचं लिहिलं होतं. इंग्रजांनी पत्रं सरळ छापून टाकली. ते सहकारी म्हणजे जॉन डिकिन्सन, ते पुढे रस्त्यात भेटले तरी बोलेनात. यानंतर काही विषयांवर जॉनची पत्रं आखडलेली का दिसतात ते समजतं.

समुद्रापलीकडच्या वर्षांत हे फार जाणवतं. फेब्रुवारी १७७८ मध्ये जॉन दहा वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन फ्रान्सला निघाले. नवऱ्याच्या हातची पहिली ओळ ॲबिगेलच्या हातात पडली ती जूनच्या अखेरीला. पुढे तुमची पत्रं किती कोरडी, किती तोकडी, असं ती लिहू लागते. जहाज शत्रूनं गाठलं की टपाल पाण्यात फेकायचं असा रिवाज होता, आणि पकडलेलं पत्र वर्तमानपत्रात येण्याची भीती होतीच, म्हणून जॉन हात राखून लिहीत. इथे तुमची वही पुढे ठेवून बघा: ती ज्या पत्राबद्दल रागावली आहे त्याच्या आधीचं पत्र तिला पोचलंच नव्हतं, असं बऱ्याचदा निघतं. आमच्या काउंटरवर अशी भांडणं रोज यायची.

या काळात घर चालवायला पैसे कुठून आले, ते पत्रांतल्या सामानाच्या याद्यांतून शोधा. आधी ती टाचण्या मागवते, कारण युद्धात टाचण्या मिळेनात. मग युरोपातून रुमाल, फिती, चहा असं मागवून ती इथे विकायला लागते आणि नफा सरकारी रोख्यांत घालते. जॉनना जमीन घ्यायची हौस. तिचा हिशेब पक्का होता. कायद्यानं विवाहित बाईची मालमत्ता नवऱ्याची, तरी १८१६ मध्ये तिनं स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि जे होतं ते मुख्यतः नातेवाईक बायकांना आणि घरकामाच्या बायकांना दिलं. जॉननी ते तसंच पार पाडलं.

मुलांची पत्रं वेगळी शोधावी लागतात. नॅबी, जॉन क्विन्सी, चार्ल्स आणि थॉमस अशी चार मोठी झाली. सुझॅना तेरा-चौदा महिन्यांची असताना १७७० मध्ये गेली. तिच्यावर फारसं काही लिहिलेलं सापडत नाही.

चार्ल्ससाठी तीन कागद एकत्र लावा. पहिलं, ऑक्टोबर १७९९ चं जॉनचं ॲबिगेलला पत्र. दारूच्या नादी लागलेल्या या मुलाला त्यांनी त्यात टाकलं आहे, आणि शब्द ऐकवत नाहीत असे आहेत. दुसरं, २ नोव्हेंबर १८०० चं. नव्या राष्ट्राध्यक्ष-निवासात पहिली रात्र काढून जॉन लिहितात, की या छपराखाली कायम प्रामाणिक आणि शहाणी माणसंच राज्य करोत. हे वाक्य आज व्हाइट हाउसच्या जेवणघरातल्या शेकोटीच्या चौकटीवर कोरलेलं आहे. ॲबिगेल मागून निघाली, वाटेत न्यूयॉर्कला मुलाला शेवटचं भेटून आली. तिसरा कागद म्हणजे मृत्यूची तारीख: ३० नोव्हेंबर १८००. चार्ल्स तीस वर्षांचा होता. याच सुमारास जॉन निवडणूक हरत होते. पुस्तकांत निवडणूक एका प्रकरणात आणि मुलगा दुसऱ्या, म्हणून ते एकत्र दिसत नाही.

नॅबीच्या बाबतीत १८११ ची पत्रं बघा. स्तनाचा कर्करोग, भुलीचं औषध अजून निघालेलं नाही, आणि शस्त्रक्रिया झाली ती क्विन्सीच्या राहत्या घरात. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी पत्रातून तोच सल्ला दिला होता. ती १८१३ मध्ये आईवडिलांकडे आली आणि तिथेच वारली. याच रशनी ॲडम्स आणि त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचा अबोला मिटवला. १८१२ पासूनची त्या दोघांची पत्रं स्वतंत्रपणे, सावकाश वाचा. त्यातलं २० ऑक्टोबर १८१८ चं छोटं पत्र चुकवू नका. ॲबिगेल विषमज्वरानं पडली आहे, तिच्याशी बोलायलाही मनाई आहे. आठ दिवसांनी ती गेली.

या बाजूला येणं झालं तर बॉस्टनहून रेड लाइननं क्विन्सी सेंटरला उतरा. फ्रँकलिन स्ट्रीटवर दोन जुनी लाकडी घरं शेजारी शेजारी आहेत. एकात जॉन जन्मले, दुसऱ्यात जॉन क्विन्सी. ॲबिगेलची युद्धकाळातली पत्रं या दुसऱ्या, लहान घरातून निघाली. तिथून पेन्स हिल जवळ. १७ जून १७७५ ला सात वर्षांच्या मुलाला घेऊन ती त्या टेकडीवरून बंकर हिलची लढाई बघत होती. १७८८ नंतरचं मोठं घर ॲडम्स स्ट्रीटवर. गावातल्या चर्चच्या तळघरात जॉन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी आणि दोघांच्या बायका यांचं दफन आहे. घरं हंगामातच उघडी असतात, वेळ आधी बघून ठेवा.

पत्रं संपली की जॉन क्विन्सीची रोजनिशी घ्या. तिचे ५१ खंड आहेत, तीही हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर. सगळी वाचायची गरज नाही. जॉन ॲडम्स आणि जेफरसन एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६. तेव्हा जॉन क्विन्सी स्वतः राष्ट्राध्यक्ष होते आणि वॉशिंग्टनला होते. वडिलांची प्रकृती ढासळल्याची पत्रं आली तेव्हा ते क्विन्सीला निघाले, आणि मेरीलँडमधल्या एका खानावळीशी थांबले असताना त्यांना कळलं. वडिलांच्या मृत्यूची नोंद हवी असेल तर रोजनिशीत ४ जुलै उघडू नका, ९ जुलै उघडा.