जुनी पोर्श 911 गुंतवणूक म्हणून घेताय? या चुका टाळा

जुन्या 911 चे भाव गेल्या पंधरा वर्षांत चढले, हे खरं. पण त्यावरून ‘कुठलीही जुनी 911 घ्या, दहा वर्षं कव्हर घालून ठेवा आणि दुपटीने विका’ असा सल्ला जो तो देत सुटलाय. तो ऐकून लोक ज्या गाड्या उचलतात, त्या बघून कपाळावर हात मारावा लागतो. इथे बोलणं फक्त 1964 ते 1998 दरम्यानच्या, पाण्याऐवजी हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या 911 बद्दल आहे. संग्राहकांची झुंबड याच गाड्यांवर आहे आणि चुकाही इथेच सर्वांत महाग पडतात.

स्वस्तात मिळाली म्हणून 2.7 लिटर इंजिनाची 911 उचलणं

ही चूक इतक्यांदा होते की तिच्याबद्दल सविस्तरच बोलायला हवं.

1968 ते 1977 या काळात 911 च्या इंजिनाची केस, म्हणजे सगळं इंजिन ज्यावर उभं राहतं ते कवच, मॅग्नेशियमची होती. वजन कमी, म्हणून. 2.4 लिटरपर्यंत तिने निभावलं. मग 1974 पासून साध्या 911 लाही 2.7 लिटरचं इंजिन आलं आणि सिलिंडरचा व्यास 84 वरून 90 मिलिमीटर झाला. उष्णता वाढली, केस तीच राहिली. सिलिंडर आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांना केसला धरून ठेवणारे 24 स्टड, म्हणजे लांब बोल्ट असतात, एका सिलिंडरला चार. तापल्यावर सिलिंडर आणि हेड पोलादी स्टडपेक्षा जास्त प्रसरण पावतात, स्टडवर ताण येतो आणि तो मऊ मॅग्नेशियममधले आटे ओढून बाहेर काढतो. त्यात 1975 ते 77 दरम्यान अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच गाड्यांना धुरावरच्या नियमांसाठी थर्मल रिअ‍ॅक्टर, म्हणजे धुरातलं उरलेलं इंधन जाळणारे डबे लावले होते. म्हणजे भट्टी थेट हेडखालीच.

पुढचं नाटक ठरलेलं. गाडी लाल, रंग ताजा, किंमत बाजारापेक्षा वीस टक्के कमी. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असतं. घेणारा एक चक्कर मारतो, आवाजावर भाळतो आणि पैसे देतो. दोन महिन्यांनी थंड इंजिन चालू करताना टिकटिक ऐकू येते, गरम झालं की ती थांबते. ‘व्हॉल्व्ह असतील’ म्हणून त्यांची फट नीट सेट केली जाते. टिकटिक तशीच. मग हेड आणि सिलिंडरच्या जोडावर तेल दिसायला लागतं. शेवटी इंजिन खाली उतरतं आणि कळतं की सात-आठ स्टड सैल आहेत. आता केस पूर्ण उघडायची, सगळ्या 24 भोकांत धातूचे नवे आटे (इन्सर्ट) बसवायचे, केसचे जोडपृष्ठ मशिनवर सरळ करायचे आणि नवे पोलादी स्टड लावायचे. अमेरिकेत या कामाला आज 20 ते 30 हजार डॉलर सहज जातात. स्वस्त गाडी आता सगळ्यांत महाग झालेली असते.

इथला एक शॉर्टकट पाहून संताप येतो: फक्त निघालेल्या स्टडपुरते आटे बसवून इंजिन बंद करणं. उरलेले स्टड पुढच्या दोन उन्हाळ्यांत निघतात. बसवायचे तर सगळे 24, नाहीतर हात लावू नये.

मग 2.7 घ्यायचीच नाही का? घ्या, पण केसचं काम झाल्याचं बिल बघून, आणि त्यावर ‘24 इन्सर्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘इंजिन बनवलंय’ हे तोंडी सांगणं म्हणजे काहीच नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र सरळ 1978 पासूनची 911 एससी किंवा 1984 ते 89 ची 911 3.2 कॅरेरा बघावी. त्यांची केस अ‍ॅल्युमिनियमची आहे.

त्याही निर्दोष नाहीत. त्यांच्यात खालच्या बाजूचे डिलाव्हार मिश्रधातूचे स्टड गंजून तुटतात, आणि एखादा तुटलेला असूनही लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती टक्के गळते ते मोजणं) चांगली येऊ शकते. म्हणून तपासणीच्या वेळी खालची व्हॉल्व्ह कव्हर काढायला लावा. तुटलेल्या स्टडचा नट बरेचदा कव्हरमध्येच पडलेला सापडतो. कव्हर काढायला अर्धा-पाऊण तास लागतो. विकणारा ‘नको’ म्हणाला तर चहा पिऊन निघावं.

थंड इंजिन न बघणं

भेट ठरवताना आधीच सांगा की गाडी सकाळपासून चालू केलेली नसावी. पोचल्यावर इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून खात्री करा. चालू करताना निळसर धुराचा एक झोत आला तर घाबरू नका. आडव्या सिलिंडरमध्ये रात्रभर थोडं तेल झिरपतं. धूर मिनिटभरानंतरही येत राहिला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंग झिजल्यात. लीकडाउन प्रत्येक सिलिंडरला 10 टक्क्यांच्या आत असावा. 20 च्या वर गेला की इंजिन उघडण्याचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

गार इंजिनाचं तेल मोजणं

नवशिक्यांची लाडकी चूक. 911 चं तेल इंजिनाखाली न राहता वेगळ्या टाकीत असतं. गाडी बंद आणि गार असताना डिपस्टिक कोरडी दिसली, तर तो दोष नाही. तरी लोक घाबरून दोन लिटर ओततात. मग गरम झाल्यावर तेल फुगतं, ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि मागे ढग उठतो. त्यावर कोणीतरी ‘इंजिन गेलं’ असं निदान करतो, आणि गाडी घाबरलेल्या मालकाकडून स्वस्तात दुसऱ्याकडे जाते.

योग्य पद्धत एकच: गाडी अर्धा तास चालवा, सपाट जमिनीवर उभी करा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, मग मोजा. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये दीड लिटरच्या आसपास फरक असतो. भरायचं तर अर्धा-अर्धा लिटर. आमची पसंती 20डब्ल्यू-50, पुरेसं झिंक असलेलं. आजच्या गाड्यांसाठीच्या पातळ तेलात या कॅमशाफ्टला लागतं तेवढं झिंक नसतं.

रंगाला भुलणं, पत्रा न बघणं

पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून बॉडीच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्त चढवलं. त्याआधीच्या गाड्या गंजाचं माहेरघर. पण जस्त म्हणजे कवच नव्हे. नंतरच्या गाड्याही गंजतात. दरवाज्याच्या कडीचा खांब, उंबऱ्याखालचा पत्रा, मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) नळीचा परिसर, पुढच्या डिकीतला बॅटरीखालचा भाग आणि काचेचं रबर, एवढ्या जागा आधी बघा. गालिचे उचला. रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नका.

रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र खिशात ठेवा. कारखान्याचा रंग 100 ते 150 मायक्रॉन भरतो. 300 म्हणजे पुन्हा रंगवलंय, आणि 1000 च्या पुढे आकडा गेला की आत लांबी (पुट्टी) भरलीय. पुन्हा रंगवलेली गाडी वाईट नसते. खोटं बोलून विकलेली वाईट.

नंबर न जुळवणं, आणि नंबर जुळले म्हणून हुरळून जाणं

किमतीचा मोठा भाग मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स आणि मूळ रंग यांच्यावर ठरतो. चेसिस आणि इंजिनावरचे कोरलेले आकडे फोटोसकट मागवा. इंजिनाचा नंबर पंख्याजवळ उजव्या बाजूला केसवर असतो. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आणि भोवतीचा पृष्ठभाग घासलेला नसलेला हवा. मग कंपनीच्या नोंदीशी ताळा करा.

सर्वांत जास्त नकला 1973 च्या कॅरेरा आरएस 2.7 च्या. सगळे प्रकार धरून अशा 1,580 गाड्या बनल्या, आणि खऱ्या आरएसचा चेसिस नंबर 911360 ने सुरू होतो. साध्या 911 टी ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर आणि रुंद मडगार्ड लावले की लांबून फरक कळत नाही.

याच्याच उलट चूक म्हणजे चांगली अस्सल एससी कापून तिला आरएससारखी बनवणं. छंद म्हणून करा, हरकत नाही. पण गुंतवणूक म्हणून घेतलेल्या गाडीचा अस्सल पत्रा कापायला निघालेल्या माणसाला समजवायला बसू नये.

‘आठवड्यातून दहा मिनिटं चालू करतो’

यापेक्षा चालू न केलेली बरी. दहा मिनिटांत तेल तापत नाही. पुढच्या ऑइल कूलरकडे तेल सोडणारा थर्मोस्टॅट सुमारे 85 अंशांना उघडतो, तिथवर मजल जातच नाही. जळणातून आलेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठते, आणि दोन्ही आतून खाते. चालवायची तर तीस-चाळीस किलोमीटर, महिन्यातून दोनदा.

लांब ठेवायची असेल तर आधी तेल बदला, कारण जुन्या तेलात आम्ल असतं. टाकी भरा, इंधनात स्टॅबिलायझर टाका, बॅटरीला मेंटेनर लावा, टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरा आणि हँडब्रेक सोडून चाकाखाली लाकूड लावा. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात डिह्युमिडिफायर हवाच. प्लॅस्टिकचं कव्हर कधीच नको; ते दमट हवा आत कोंडतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. टायरवरच्या चार आकड्यांत शेवटचे दोन म्हणजे वर्ष. दहा वर्षांपेक्षा जुना टायर कितीही नवा दिसला तरी फेकून द्या. एससीच्या एअरबॉक्सला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या डब्याला) दाब सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह नसेल तर आजच लावा, नाहीतर थंडीत एका बॅकफायरने तो प्लॅस्टिकचा डबा फुटतो.

खर्चाचा कागद न मांडणं

समजा, अमेरिकेत 80,000 डॉलरला गाडी घेतली. दहा वर्षांत विमा वर्षाला 1,000, जागा 2,400, सर्व्हिस 2,500: झाले 59,000. एकदा टायर 1,200 आणि एकदा इंजिनाचं वरचं, म्हणजे हेड-सिलिंडरचं काम 15,000. गाडी 1,55,200 डॉलरला विकली गेली तर फक्त मुद्दल सुटलं. म्हणजे किंमत दहा वर्षं दरसाल जवळजवळ सात टक्क्यांनी चढायला हवी, आणि नफा शून्य. वर विकण्याचा खर्च. अमेरिकेत संग्रहाच्या वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्राचा कर 28 टक्क्यांपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये मोटारींना भांडवली नफ्याचा कर नाही.

भाव कायम चढतात असंही नाही. 1988 मध्ये एन्झो फेरारी गेल्यावर फेरारींचे भाव वेड्यासारखे उडाले, आणि 1990 नंतर तसेच आपटले. त्या वेळी कर्ज काढून गाड्या घेणारे सर्वांत आधी बुडाले.

लिलावातला पडद्यावरचा आकडा म्हणजे बाजारभाव, हाही एक भ्रम. ऑगस्ट 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेला 1939 ची पोर्श टाइप 64 लिलावाला आली. एक कोटी तीस लाखांची बोली पडद्यावर तीन कोटी दिसली, वाढत वाढत सात कोटी डॉलर झाली, आणि मग आकडा दुरुस्त होऊन एक कोटी सत्तर लाखांवर आला. गाडी विकलीच गेली नाही. शिवाय मोठ्या लिलावांत बोलीच्या वर घेणाऱ्याकडून 10 ते 15 टक्के प्रीमियम घेतात, तो धरून बोली लावा.

भारतात आणताना नियम नंतर वाचणं

शुल्क आणि कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त रक्कम भरावी लागते, तेव्हा ‘तिकडे स्वस्त’ हा हिशेब इथे टिकत नाही. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

कराच्या बाबतीत ‘गाडी म्हणजे वैयक्तिक वस्तू, नफा करमुक्त’ असं धरून चालू नका. 1983 मध्ये 20,000 रुपयांना घेतलेली 1931 ची फोर्ड टूरर पुढे 21 लाखांना विकली गेली. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये नफा करपात्र ठरवला, कारण मालक ती गाडी स्वतः वापरत होता हे सिद्ध झालं नाही. तेव्हा इंधनाच्या पावत्या, विमा आणि सर्व्हिसची बिलं मालकाच्या नावाने, तारखेप्रमाणे लावून ठेवा. विकताना गिऱ्हाईकही तीच फाइल आधी मागतं.