घोड्यांच्या शर्यती : कारभार आणि निधी यांच्या सुधारणेचा मसुदा कसा तयार करावा

घोड्यांच्या शर्यतींच्या व्यवसायात सुधारणा व्हावी म्हणून शासनाला निवेदन द्यायचे ठरले की पहिली मागणी बहुधा कर कमी करण्याची असते. ही मागणी रास्त आहे आणि ती कशी मांडावी हे पुढे सविस्तर दिले आहे; पण मसुद्यात तिला पहिले स्थान देऊ नये. शर्यत भरवणारी, शर्यतीचा निवाडा करणारी आणि पैजेचे पैसे गोळा करणारी संस्था जिथे एकच असते, तिथे करसवलत द्यायला कोणताही अर्थमंत्री सहजासहजी तयार होत नाही, आणि झालाच तरी वाचलेला पैसा घोड्यापर्यंत, जॉकीपर्यंत आणि तबेल्यातल्या मोतद्दारापर्यंत पोहोचेल याची हमी कोणालाच देता येत नाही. म्हणून आधी कारभाराची फेररचना आणि मग निधी, हाच क्रम ठेवावा.

हे मार्गदर्शन कोल्हापूर परिसरातील अश्वपालक, पशुवैद्य, कायद्याचे विद्यार्थी आणि सहकारी संस्थांच्या कामाचा अनुभव असलेले कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. कोल्हापुरात आज शर्यतींचा क्लब नाही. शर्यती पाहायच्या तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मसुदा लिहिणाऱ्यांसाठी ही उणीव नसून सोय आहे, कारण ज्यांचा घोडा धावत नाही आणि ज्यांना क्लबच्या निवडणुकीत मत नाही, त्यांच्या म्हणण्यामागे स्वार्थ शोधता येत नाही.

सुरुवात सद्यस्थितीच्या नोंदीने करावी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यसूचीत आहे, त्यामुळे देशभरासाठी शर्यतींचा एकच कायदा नाही. महाराष्ट्रात रेसकोर्सला परवाना देण्याचा कायदा १९१२ सालचा आहे. मुंबई-पुण्याचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, कोलकात्याचा रॉयल कलकत्ता टर्फ क्लब, बंगळूर, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर आणि दिल्ली येथील क्लब हे या व्यवसायाचे प्रत्यक्ष चालक आहेत. त्यांतील प्रमुख क्लब टर्फ अथॉरिटीज ऑफ इंडिया या नावाने एकत्र बसतात आणि एकमेकांचे निर्णय मान्य करतात. पण या मंडळाला संसदेच्या कायद्याचा आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. मसुद्यात हा निकाल ठळकपणे नोंदवावा, मात्र त्यावर सगळा भार टाकू नये, कारण कौशल्याचा खेळ ठरल्याने कराचा प्रश्न आपोआप सुटत नाही. क्लबांचे वार्षिक अहवाल मिळवावेत, आणि परवान्याच्या अटी व जमिनीचे भाडेपट्टे माहितीच्या अधिकारात संबंधित शासकीय विभागांकडून मागवावेत. या कागदांशिवाय लिहिलेला मसुदा वर्तमानपत्री लेखाच्या पुढे जात नाही.

यानंतर मसुद्याचा गाभा येतो, तो म्हणजे तीन कामांची फारकत. शर्यती भरवणे, शर्यतींचे नियमन व निवाडा करणे, आणि पैजांचा व्यवहार चालवणे ही तीन कामे तीन वेगळ्या संस्थांकडे असावीत. आज क्लबची समिती सभासद निवडून देतात, सभासदांमध्ये घोडामालकही असतात, आणि शर्यतीतील तक्रारींवर निर्णय देणारी स्टुअर्डांची यंत्रणा त्याच क्लबच्या छत्राखाली काम करते. व्यक्ती प्रामाणिक असल्या तरी रचना संशयाला जागा ठेवते. कोल्हापूरच्या वाचकाला हे पटवण्यासाठी दूध संस्थेचे उदाहरण पुरे आहे : दूध घालणाऱ्यानेच आपल्या दुधाची फॅट मोजायची नसते, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो.

परदेशांतील अनुभव इथे उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये जॉकी क्लबने अठराव्या शतकापासून शर्यतींवर अधिकार गाजवला, पण २००६ मध्ये नियमनाचे काम त्याच्याकडून वेगळे झाले आणि २००७ पासून ते ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीकडे आहे. जॉकी क्लब रेसकोर्स चालवत राहिला. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे होते, तिथे २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय पातळीवरचे प्राधिकरण उभे राहिले. २०२२ मध्ये ट्रॅकच्या सुरक्षिततेचे आणि २०२३ मध्ये उत्तेजकद्रव्य-नियंत्रणाचे काम त्याने हाती घेतले. राज्यांचे अधिकार आणि एकसमान नियम यांतली ओढाताण भारतासारखीच असल्याने हे उदाहरण अधिक बारकाईने अभ्यासावे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील अश्वपैदास व्यावसायिक जॉन मेसारा यांच्याकडून अहवाल करून घेतला आणि २०२० च्या कायद्याने पैजांचा व्यवहार शर्यतींच्या प्रशासनापासून वेगळा केला. त्याच अहवालातील रेसकोर्सची संख्या ४८ वरून २८ वर आणण्याची शिफारस मात्र गावोगावच्या छोट्या क्लबांना जिव्हारी लागली. ज्यांचा ट्रॅक जाणार आहे त्यांना मोबदला आणि पर्याय काय, हे त्याच पानावर लिहिले नाही तर चांगला मसुदाही अडतो.

नियामक मंडळाच्या रचनेबाबत मोघम शब्द वापरू नयेत. गेल्या ३ वर्षांत ज्याच्या मालकीचा घोडा धावला आहे, जो ट्रेनर, पैदासकार किंवा बुकी आहे, तो मंडळाचा सदस्य होऊ शकणार नाही असे स्पष्ट कलम लिहावे. मंडळात पशुवैद्यक, लेखापरीक्षण आणि कायदा या क्षेत्रांतील माणसे असावीत. स्टुअर्ड पगारी व पूर्णवेळ असावेत. त्यांचा प्रत्येक निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावा. आणि अपील ऐकणारी समिती मंडळाबाहेरची असून तिचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे असावे. घोड्याच्या रक्ताचे व लघवीचे नमुने गोळा करणारी यंत्रणा क्लबच्या नोकरीत असू नये. मालक, ट्रेनर, जॉकी आणि मोतद्दार यांना सल्लागार समितीत मानाचे स्थान द्यावे, पण निवाड्यात त्यांचे मत असू नये. मोतद्दारांचा प्रतिनिधी मोतद्दारांनीच निवडावा, हे कलम कोणी गाळू लागले तर त्यासाठी भांडावे. पहाटे घोड्याला खरारा करणाऱ्या माणसाला घोड्याच्या पायाची सूज सगळ्यांच्या आधी कळते आणि आजच्या रचनेत त्याला विचारणारे कोणी नाही.

विषय राज्यसूचीत असताना राष्ट्रीय कायदा कसा करायचा, ही अडचण लगेच पुढे येते. तिचे उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५२ मध्ये आहे : दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यास संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते आणि इतर राज्ये तो नंतर स्वीकारू शकतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा याच मार्गाने झाला आणि त्यासाठी ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. म्हणून मसुद्याला विधिमंडळाच्या ठरावाचा नमुना जोडावा. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये एकत्र आली तरी सुरुवात होऊ शकते, आणि कोल्हापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यातून दोन्हीकडच्या आमदारांशी बोलणे इतर कोठूनही करण्यापेक्षा सोपे आहे.

आता निधी. क्लबांचे मुख्य उत्पन्न टोटमधून येते, म्हणजे सगळ्या पैजा एकत्र जमा करून क्लबचा हिस्सा वजा केल्यावर उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या यंत्रणेतून. वस्तू व सेवा कर पैजेच्या संपूर्ण रकमेवर लागतो. त्याचा दर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. संपूर्ण रकमेवर कर लावणारा नियम कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवला होता, परंतु २०२३ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून पूर्ण रकमेचे तत्त्व पक्के केले. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो तो वेगळाच.

याचा परिणाम शब्दांत सांगण्यापेक्षा हिशेब मांडून दाखवावा. समजा, एक माणूस १४० रुपये घेऊन आला. ४० रुपये कर गेला, १०० रुपये टोटमध्ये जमा झाले आणि क्लबने उदाहरणादाखल २० टक्के कापले, तर सरासरीने ८० रुपये परत येतात. तेच पैसे पुन्हा पुढच्या शर्यतीत लावले तर सुमारे ४६ आणि तिसऱ्या शर्यतीनंतर सुमारे २६ रुपये उरतात. तोवर सरकारला ७६ आणि क्लबला ३८ रुपये मिळालेले असतात. आता ४० टक्के हाच दर पैजेच्या रकमेऐवजी क्लबच्या हिश्श्यावर लावून पाहावा. तीन शर्यतींनंतर पैज लावणाऱ्याकडे सुमारे ७२ रुपये उरतात, सरकारला २७ आणि क्लबला कर वजा जाता ४१ रुपये मिळतात.

या आकड्यांकडे डोळसपणे पाहणे आवश्यक आहे. त्याच १४० रुपयांवर सरकारचे उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशावर येते, ही गोष्ट मसुद्यात लपवली तर अर्थ विभागातील पहिलाच अधिकारी ती शोधून काढील. मागणीचा खरा आधार असा आहे की ४० टक्के कर भरणारा माणूस कर न भरणाऱ्या बेकायदेशीर बुकीकडे जातो, आणि तिथे सरकारला, क्लबला व घोड्याला काहीच मिळत नाही. ब्रिटनने २००१ मध्ये पैजेच्या रकमेवरील कर रद्द करून बुकींच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर लावला. हाँगकाँगने २००६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींपुरता असाच बदल केला, पण तिथे नफ्यावरील दर ७२.५ टक्क्यांपासून सुरू होतो, आणि तरीही आधी घसरत चाललेली तिथली उलाढाल बदलानंतर वाढली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की दर कमी करा ही मागणी सोडून द्यावी आणि कर कशावर लावायचा तो पाया बदला ही एकच मागणी धरावी, त्या बदल्यात ४० टक्क्यांहून अधिक दर मान्य करण्याची तयारीही लेखी दाखवावी.

करातून सुटलेल्या पैशाचे वाटपही कायद्यातच लिहावे लागेल. जपानमध्ये पैजांच्या विक्रीतील १० टक्के रक्कम आणि उरलेल्या नफ्यातील निम्मा भाग सरकारकडे जातो, आणि त्या महसुलाचा तीन चतुर्थांश भाग पशुसंवर्धनासाठी व एक चतुर्थांश समाजकल्याणासाठी राखला जातो. शर्यतींचा पैसा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत नेणारी ही तरतूद कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींना निश्चित भावेल, म्हणून ती मसुद्यात घ्यावी. ब्रिटनमध्ये १९६१ च्या कायद्याने पैजांच्या व्यवसायावर बसवलेला उपकर बक्षिसे, पशुवैद्यकीय संशोधन व शर्यतींची सचोटी यांवर खर्च होतो. त्याच धर्तीवर आपल्याकडे बक्षिसे, निवृत्त घोड्यांची देखभाल, जखमी जॉकींचा उपचार व विमा, आणि मोतद्दारांचा भविष्यनिर्वाह निधी अशी चार खाती वेगळी ठेवावीत. बक्षिसाची रक्कम किती दिवसांत द्यायची याची मुदतही हवी. उसाच्या दराबाबत १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आपल्या भागात सर्वांना परिचित आहे, आणि उशीर झाल्यास व्याज देण्याची तरतूदही तशीच घेता येईल.

निवृत्त घोड्यांचे कलम लिहिताना घाई करू नये. शर्यतीच्या घोड्याची धावण्याची वर्षे थोडी आणि आयुष्य पंचवीसएक वर्षांचे असते. प्रत्येक घोड्याची मायक्रोचिपसह नोंद, मालकी बदलताना नोंदीत बदल करण्याचे बंधन, आणि पहिल्या मालकाकडून नोंदणीच्या वेळीच घेतलेली देखभाल-ठेव, या तीन गोष्टी नसतील तर घोडा ट्रॅकवरून उतरल्यावर कोठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. यात्रांमधील घोडागाडीच्या शर्यती हा स्वतंत्र विषय आहे आणि तो या मसुद्यात मिसळू नये, मात्र ट्रॅकवरचा घोडा नोंद न होता तिकडे जाऊ नये एवढी काळजी याच कलमाने घेता येते.

जमिनीविषयी एक स्वतंत्र, छोटे प्रकरण पुरे आहे. मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देऊन उरलेल्या ९१ एकरांचा भाडेपट्टा क्लबकडे ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने गिंडी येथील मद्रास रेस क्लबची जमीन भाडेपट्टा रद्द करून ताब्यात घेतली. क्लबांनी जमिनीच्या भाड्याचा, थकबाकीचा आणि शर्यत नसलेल्या दिवशी मैदान नागरिकांना खुले ठेवण्याचा प्रश्न स्वतःहून मांडावा, अशी अट परवान्यातच असावी.

पैजेमुळे संसार उद्ध्वस्त होतात, हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे म्हणून त्याला मसुद्यात जागा द्यावी. ओळखपत्राशिवाय पैज नाही, व्यक्तीने स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोय, उधारीवर पैज घेतल्यास परवाना रद्द, आणि उपकरातून व्यसनमुक्ती केंद्रांना ठरावीक वाटा, या तरतुदी असल्याशिवाय मी स्वतः या मसुद्यावर सही करणार नाही.

मसुदा तयार झाल्यावर तो कोठे द्यायचा, याचे उत्तर मतांच्या गणितात आहे. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे, आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीशिवाय काही होत नाही आणि एकटे महाराष्ट्र राज्य काही करू शकत नाही. त्यामुळे निवेदनाची पहिली प्रत राज्याच्या अर्थमंत्र्यांना, दुसरी पशुसंवर्धन विभागाला आणि तिसरी जिल्ह्यातील खासदारांना द्यावी, आणि कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू व पश्चिम बंगाल येथील अश्वपालक संघटनांना तोच मजकूर त्यांच्या भाषेत पाठवावा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्याने याचिकेचा विचार मनात येणे साहजिक आहे. पण कर कशावर लावावा हा धोरणाचा प्रश्न असल्याने न्यायालय शेवटचा मार्ग ठेवावा, आणि माहितीच्या अधिकारातील उत्तरे अडवली गेली तर तेवढ्यापुरता त्याचा उपयोग करावा. निवेदनासोबत एकाच पानावर तीन शर्यतींचा वरील हिशेब, ठरावाचा नमुना आणि नियामक मंडळाच्या अपात्रतेचे कलम जोडावे. बाकीचा मजकूर मागितल्यावर द्यावा.