कांदळवनात कयाक, समुद्रात स्नॉर्कलिंग: विदर्भातून निघण्याआधी या चुका टाळा

आपल्याकडच्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेला, वैनगंगेत डोंगा चालवलेला गडी सिंधुदुर्गात कांदळवनातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांमधून, कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) चालवायला जातो आणि कर्ली खाडीकडे गावच्या तलावासारखं बघतो. तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा येतं.

भरती न बघता बुकिंग

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सुट्टी बघून, रेल्वेचं आरक्षण बघून तारीख ठरते. भरती कोणी बघत नाही. मग पोचल्यावर कळतं की कयाकची वेळ पहाटे साडेपाचला आहे, किंवा ऐन दुपारी. ओहोटीला अरुंद फाट्यांमध्ये पाणीच उरत नाही, कयाक चिखलात बसते.

कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिथी तर आपल्या घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते! हा अंदाज आहे, नेमकी वेळ गाईडला विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. भरती चढत असताना आत शिरायचं आणि ती फिरली की पाण्याबरोबर बाहेर यायचं, म्हणजे हात दुखत नाहीत.

कयाक गोल गोल फिरते

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे बसतो आणि दिशा तोच सांभाळतो. पुढच्याने फक्त लय धरायची. नवरा-बायको बसले की दोघंही दिशा देतात, वल्ही एकमेकांवर आपटतात आणि वाद सुरू होतो. कयाकचं नाक डावीकडे वळत असेल तर डाव्या बाजूने वल्हवा, सरळ होईल.

पाण्याच्या ओढीने कयाक आडवी होऊन फांद्यांवर गेली की माणूस घाबरून फांदीपासून दूर झुकतो. तिथंच ती उलटते. उलट करायचं असतं: फांदीच्याच बाजूला झुका, हाताने आधार घ्या, मग हळूच सोडवा. पण मुळांना हात लावू नका. त्यांवर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. गेवा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून फांद्या मोडायच्या नाहीत. पोट्ट्यांना हे आधीच दटावून सांगा.

गळ्यातला दुपट्टा किनाऱ्यावरच ठेवा. तो फांदीत अडकला तर गळ्यालाच बसतो.

चिखलात पाय रुतला

चिपी या कांदळवनातल्या झाडाची श्वास घेणारी मुळं चिखलातून वर टोकदार उभी असतात. (पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.) अनवाणी उतरलात तर तळव्यात घुसतील, आणि चप्पल चिखल गिळतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. पाय रुतल्यावर सरळ वर ओढला की दुसरा आणखी खाली जातो. अंगाचा भार कयाकवर टाका, टाच हलवून पायाभोवती पाणी शिरू द्या, मग मागच्या बाजूने काढा.

"हे कायचं ऊन!"

पंचेचाळीस अंश सोसलेला माणूस बत्तीस-तेहतिसाला हसतो आणि निवती किल्ल्यावर अर्धी बाटली पाणी घेऊन चढतो. चढण लहानच आहे. पण आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग थंड होतं. तिथं दमट हवेत तो वाळतच नाही. सकाळी लवकर चढा, पाण्यात मीठ-साखर घाला.

स्नॉर्कलिंगचा मास्क

"आपल्याले कायचं जाकेट? लहानपणापासून पोयतो." हे वाक्य बोटीवर चालणार नाही. पोहता येणाऱ्यालाही इथं अडचण येते, कारण नाकाने श्वास घ्यायची सवय हाडीमाशी असते. स्नॉर्कलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, तोंडातल्या नळीने श्वास घेत खालचे मासे बघणं: नाक मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडाने, सावकाश. नाकाने सोडलेल्या वाफेनेही काच धुरकटते. पाण्यात उतरण्याआधी काचेला आतून थुंकी चोळून खारट पाण्यात विसळा. किळस वाटली तरी उपाय जुना आणि खात्रीचा आहे.

मास्कमध्ये पाणी येत असेल तर पट्टा आवळून काही होत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने किंचित श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर केस आत आलेत, नाहीतर मिशी आड येते आहे. झुपकेदार मिशीवाल्यांनी नाकाखाली थोडी कात्री लावावी. मान्य नसेल तर बोटीत बसून मासे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावेत. नळीत पाणी शिरलं तर वर उठून गडबडू नका, "टू" म्हणत जोरात फुंका.

मास्क-नळी कोणाकडून मिळाली तर निघण्याआधी घरच्या हौदात तोंड बुडवून दहा मिनिटं श्वास घेऊन बघा. समुद्रातली निम्मी घबराट अंगणातच संपते.

पाठ आणि पोटऱ्या भाजतात, कारण तुम्ही पालथे तरंगत असता. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. जीन्स मात्र नको. सकाळची फेरी मागा, दुपारी वारा सुटतो आणि लाटा वाढतात. तर्री पोहे परत आल्यावर. दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास असेल तर गाईडला आधी सांगा, लपवू नका.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडा पिशवीत घालायचा नाही, किनाऱ्यावर पडलेला असला तरीही.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढतात. तूर घरात आल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जा. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी चालू असेल तेव्हा वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून कुडाळला सोडते, पण ती रोज नाही. म्हणून आधी तिथी बघा, मग गाडीचा वार, आणि मगच गाईडला आगाऊ पैसे पाठवा.